पैसे परत देणारे डॉक्टर

माझं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकिरडा उकरल्यासारखं आहे. ऱ्हस्व-दीर्घाचं आणि माझं चौथीत भांडण झालं आणि ते मिटायच्या आधी शाळाच सुटली. तेव्हा चुका असतील त्या पोटात घाला. कोणी घालायच्या, हे मलाही ठाऊक नाही, कारण हे मी कुणाला दाखवणार नाही. पण समोर कुणी तरी बसलंय असं धरलं की लिहायला बरं पडतं. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, कागदावर फुटतो.

तर सांगायचं असं, की आमच्या शेकाच्या डॉक्टरांइतका संशयी माणूस भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत झाला नाही आणि होणारही नाही. संशयी माणसांना आमच्याकडे तोटा नाही. बांध सरकला म्हणून संशय, दुधाचं फॅट कमी लागलं म्हणून संशय, जावेच्या अंगावर नवं लुगडं दिसलं म्हणून संशय. पण ही सगळी माणसं दुसऱ्याचा संशय घेतात. आमचे डॉक्टर जगाचा संशय घेऊन झाला की उरलेला स्वतःचा घेतात, आणि तो उरतोही भरपूर.

ते सुईचे डॉक्टर नव्हेत. कंबर धरली, गुडघा सुजला, खांदा वर होईना, की त्यांच्याकडे जायचं. ते शेक देतात, व्यायाम शिकवतात, आणि तेव्हा त्यांच्याकडे करंटची मशीन होती ती लावत. शिकलेले लोक त्यांना फिजिओ म्हणतात. विंझरला रस्त्याला लागून, पिठाच्या गिरणीशेजारी त्यांच्या दोन खोल्या आहेत. मी तिथं झाडते-पुसते, शेकाच्या पिशव्या गरम पाण्यातून काढून टॉवेलात गुंडाळून देते. डॉक्टर राहतात भोरला, आईजवळ. रोज मोटारसायकलवरून येतात. वाटेत पेट्रोल भरताना आकडा शून्यावर आहे का ते बघतात, मग भरणाऱ्या पोराचं तोंड बघतात, मग परत शून्य बघतात. कुणी म्हटलं की अमक्या हॉटेलातली भजी चांगली, तर लगेच विचारतात, "कशापेक्षा?" एकदा माझ्या चुलत दिराच्या लग्नात त्यांना मुलीच्या काकांनी हौसेनं विचारलं, "मग डॉक्टर, जेवान कसं काय झालं?" तर डॉक्टर हात धुता धुता म्हणाले, "मी सकाळपासून उपाशी होतो हो. आज माझ्या मताला काही किंमत नाही." ते काका अजून मला विचारतात, की जेवणात काय कमी होतं.

एकदा कंपनीचा माणूस कमरेचा पट्टा घेऊन आला. गळ्यात टाय, घामानं भिजलेला. गुळगुळीत कागदावर पट्ट्यानं किती गुण येतो ते दाखवणारी एक रेघ काढलेली, पाण्याच्या टाकीच्या शिडीसारखी सरळ वर गेलेली. डॉक्टरांनी त्याला आधी गार पाणी दिलं, चहा सांगितला आणि मग धरला.

"ह्यात माणसं किती होती?"

"सर, भरपूर."

"भरपूर म्हणजे जत्रेइतकी का बारशाइतकी?"

"सर, ऑफिसला विचारून सांगतो."

"बरं. पट्टा न बांधलेली माणसं कुठं आहेत ह्यात?"

"सर, त्यांना कशाला घ्यायचं? त्यांनी पट्टाच बांधला नाही ना."

"आणि हा सगळा खर्च कोणी केला?"

"कंपनीनंच सर."

"मग हे नवरीच्या मामानं नवरी गुणाची आहे म्हणून सांगितल्यासारखं झालं की हो."

तो बिचारा अर्धा चहा टाकून उठला आणि गडबडीत पट्टा विसरून गेला. डॉक्टर पळत रस्त्यावर गेले, एसटी थांबवली आणि खिडकीतून पट्टा त्याच्या मांडीवर टाकून आले. मला म्हणाले, "फुकटचा ठेवला असता ना ताई, तर महिन्यानं मलाच तो चांगला वाटायला लागला असता."

दुखण्यावर जगभर काय संशोधन चालतं ते वाचायचं त्यांना वेड आहे. त्या संशोधनाचे पेपर असतात, पण वर्तमानपत्रासारखे कागदी नव्हेत, मोबाईलवर. डॉक्टर ते उलटे वाचतात. आधी शेवट, म्हणजे पैसे कोणी दिले ते. मग तारीख, शिळं आहे का ताजं. मग किती माणसं आणि कोणत्या गावची. एका पेपरवर ते कधी विसंबत नाहीत. एकाच गोष्टीवर दहा जणांनी काम केलं असेल तर त्या दहांचं मिळून काय म्हणणं पडतं, ते कुणी तरी एकत्र करून ठेवलेलं असतं, ते शोधतात. आणि जो पेपर त्यांना आवडतो तो दोनदा वाचतात. "नावडत्यात आपण खोट काढतोच," म्हणतात, "आवडत्यात काढायची राहते." मला त्यांनी हे खाचराच्या भाषेत सांगितलं होतं. एका खाचरात खत टाकायचं, शेजारच्यात टाकायचं नाही, आणि कापणीला दोन्ही बघायची. माणसांचं तसंच. काहींना खरी मशीन लावतात, काहींना आत करंट नसलेली, नुसता दिवा लागणारी. मी विचारलं, "मग ज्यांना नुसता दिवा मिळतो त्यांना राग येत नाही का?" डॉक्टर म्हणाले, "असं होऊ शकतं हे त्यांना आधी सांगतात." मला ते पटलं नाही. अजूनही पूर्ण पटलेलं नाही.

खोलीत मोबाईलला रेंज नसे. म्हणून दुपारी रोगी सरले की ते मागच्या टेकाडावर एका दगडावर चढून मोबाईल आभाळाकडे धरत. काही पेपरांना कुलूप असतं, पैसे मागतात. मग डॉक्टर ज्यानं लिहिला त्यालाच निरोप पाठवत, की मी अमुक अमुक, मला वाचायला द्या. पुष्कळदा मिळतं म्हणे. "मागायला लाजू नये, ताई," असं मला सांगत. मला लाजू नको सांगणं म्हणजे म्हशीला डबक्यात बसू नको सांगणं.

पण गावानं त्या दगडाचा वेगळाच अर्थ लावला. एक दिवस डेअरीचे चेअरमन दवाखान्यात आले. कुठं दुखत नव्हतं तरी खाटेवर बसले.

"मग डॉक्टर, किती गुंठं बगितलं?"

"कसले गुंठे?"

"आता आमाला काय येडं समजता व्हय? पानशेतकडं आसाच एक जण टेकाडावर मोबाईल धरून उबा ऱ्हायचा. फुडल्या वर्साला तारंचं कुंपान आन आत बंगला."

"अहो चेअरमन, मी कमरेचा पेपर उघडतो तिथं."

"उगडा की, लई उगडा. पर आमच्या बांदाला हात लावू नका, येवढंच सांगाया आलतो."

डॉक्टरांना राग आला नाही. उलट चेअरमन गेल्यावर म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. पुरावा त्यांच्या बाजूनं आहे."

आता मुख्य गोष्ट. दुखणं मोजायला गज नाही आणि माप नाही. म्हणून डॉक्टर प्रत्येकाला विचारतात, "शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे सहन होत नाही. तर तुमचं दहापैकी किती?" हे पुण्यात ठीक असेल. आमच्याकडे दहा हा आकडा ऐकला की माणसाला बाजार आठवतो. बकरी विकताना चढा भाव सांगायचा, म्हणजे गिऱ्हाईक खाली आणतं आणि मधे कुठं तरी जमतं. त्यामुळं पहिल्या दिवशी सगळ्यांचं दहा. एक आजोबा तर "बारा" म्हणून बसले आणि "धाला देतो" म्हणाले. एका मावशीनं दाराकडे बघून हळूच विचारलं, "सून आत आली का न्हाई अजून? मंग थांबा. ती आली की नऊ, न्हाई तर पाच."

मशीन लावून लावून शेवटच्या दिवशी मात्र सगळे दोन-तीन सांगत. दुसरा कुणी असता तर पेढे वाटले असते. आमचे डॉक्टर काळजीत पडले. म्हणाले, "ताई, इतकं चांगलं कधीच नसतं. कुठं तरी गडबड आहे." आणि त्यांनी मला काम सांगितलं, की बाहेरच्या बाकावर बसलेल्यांना परत एकदा आकडा विचारायचा. नाव सांगायचं नाही, आकडा तेवढा आणायचा, आणि आकडा डॉक्टरांना कळणार आहे हेही लपवायचं नाही. मला ते काम नको वाटलं. एक तर मी कुणाशी बोलत नाही, आणि दुसरं, हा माणूस आपल्याला चुगली करायला लावतो की काय, असं मनात आलं. दोन दिवस मी नुसता बाक पुसत राहिले. शेवटी वरच्या वस्तीवरचे एक धनगरबाबा एसटीची वाट बघत बसले होते, त्यांना विचारलं.

"आत दोन सांगितलंय," बाबा म्हणाले. "खरं म्हनशील तर सात."

"मग आत दोन का सांगितलं, बाबा?"

"आगं, पोरगं घाम गाळतंय. वायरी लावतंय, काडतंय, पुसतंय. त्याला काय त्वांडावर सांगायचं, का बाबा, तुजं काय कामाचं न्हाई? आपल्यात आसं बोलत्यात व्हय?"

असंच बाकीच्यांचं निघालं. कुणी भिडेखातर, कुणी चहा पाजला म्हणून, कुणी डॉक्टरांच्या आईला वाईट वाटू नये म्हणून आकडा उतरवला होता. मी आकडे सांगितले तेव्हा डॉक्टरांनी मशीनच्या वायरी गुंडाळून ठेवल्या. मग म्हणाले, "पेशंट डॉक्टरांचं मन राखतात, हे पेपरात लिहिलेलं आहे. मी वाचलंही होतं. पण ते दुसऱ्या डॉक्टरांच्या पेशंटबद्दल आहे, असं मला वाटलं." थोड्या वेळानं आणखी एक बोलले. जुन्या कंबरदुखीवर मशीनचा फार भरवसा धरू नये, माणसाला हलतं-चालतं ठेवावं, असं पेपर कधीपासून सांगत होते. पण ते लोक खुर्चीवर बसणारे, आपल्या बायका चिखलात वाकून भात लावणाऱ्या, त्यांचं आपल्याला कसं लागू पडेल, असा संशय काढून डॉक्टरांनी ते बाजूला ठेवलं होतं. "माझा संशयसुद्धा सोयीचा निघाला, ताई," म्हणाले. एवढा उतरलेला चेहरा मी त्यांचा आधी बघितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मशीन बंद. ती विकायला काढली, पण घ्यायला येणाऱ्याला डॉक्टर आधी तिचे दोष सांगत, त्यामुळं ती अजून तिथंच आहे. मी तिच्यावर टॉवेल वाळत घालते. आणि मग त्यांनी जे केलं ते आमच्या मुलखात कुणी ऐकलेलं नव्हतं. व्यायाम शिकवल्याचे पैसे ठेवले आणि मशीनचे पैसे ज्याचे त्याला परत द्यायला निघाले.

पैसे घेऊन पळणारा माणूस लोकांना कळतो. पैसे देत फिरणारा कळत नाही. भाटघरला एकानं नोट उन्हात धरून पुढून-मागून बघितली आणि म्हणाला, "उबं ऱ्हायचंय का पंचायतीला?" एक म्हणाली, त्या वायरींतून आमच्या अंगातलं काही तरी ओढून घेतलं असणार, त्याचे हे पैसे. माझ्या मालकांनी मला बजावलं, "सही मागितली तर करू नगंस. आंगठा बी देऊ नगंस." एका मावशीनं पैसे मोजून घेतले आणि त्याच पैशांनी हायवेवर दुसऱ्या मशीनवाल्याकडे नाव घातलं. गावात एकच बोलणं, की जो डॉक्टर आपलाच उपाय खोटा म्हणतो त्याच्याकडे जायचं तरी कशाला? बाक रिकामा पडला. मी पुसलेलंच परत पुसत होते.

पण खरी काळजी माझ्या घरात होती. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, मागच्या उन्हाळ्यात त्या मशीनवर जात होत्या. कोंबड्या-अंडी विकलेल्या स्वतःच्या पैशांनी. त्यांना गुण आला होता, आणि तो भिडेचा नव्हता, मी डोळ्यांनी बघितला होता. पण भाताची लावणी झाली आणि कंबर परत धरली. या खेपेला त्या पडवीत आडव्या झाल्या त्या उठेनातच. कोंबड्यांना दाणे टाकायलाही नाही. ज्या बाईनं उभ्या जन्मात दुपारी पाठ टेकली नाही, ती दिवसभर आढ्याकडे बघायला लागली. तालुक्याच्या दवाखान्यात दाखवलं, फोटो काढला, त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. उठा, हिंडा-फिरा, म्हणाले. त्या म्हणायच्या, "मशीन लाव म्हनावं. मंग उठते." अशी अंथरुणाला खिळलेली म्हातारी परत उठत नाही, हे आमच्या वाडीनं दोन-तीनदा बघितलेलं आहे.

डॉक्टर त्यांचे पैसे घेऊन आमच्या घरी आले, ते असे.

"आजी, हे तुमचे मशीनचे पैसे."

"म्या मागितलं व्हतं व्हय? माजी कंबर ऱ्हायली व्हती का न्हाई त्येनं?"

"राहिली होती. पण मशीनमुळं नसावी."

"मंग कशानं?"

डॉक्टर नेहमीसारखे विचारात पडले. "नक्की सांगता येत नाही. तुम्ही रोज दवाखान्यापर्यंत चालत यायचात. कामाला थोडी विश्रांती मिळाली. शेकाची ऊब होती. आणि कुणी तरी तुमच्याशी बसून बोलत होतं."

"मंग त्याचे दिले मी पैशे, आसं समज. ठिव खिशात."

डॉक्टर पैसे तसेच घेऊन गेले. सगळ्यांचे फिटले, एकट्या आत्याबाईंचे राहिले. डॉक्टर दोन दुपारी टेकाडावर जाऊन उभे राहिले. तिसऱ्या दिवशी परत आमच्या पडवीत.

"आजी, तुमचे पैसे दवाखान्यात ठेवलेत. पण सगळे एकदम देणार नाही. रोज एका वेळचे. तुम्ही स्वतः यायचं, सुनेच्या हाती देणार नाही. आणि गाडीवर बसून आलात तर त्या दिवशीचे बुडाले."

आत्याबाई कोपरावर उठल्या. "परवा घे घे म्हनत व्हतास, आन आता कांकू? वाटलंच मला. खाल्लंस पैशे!"

"तुम्ही आला नाहीत तर राहतीलच माझ्याकडे."

"ऱ्हात्यात कसं, बगते की!"

नको असलेले पैसे दुसरा दाबतोय म्हटल्याबरोबर ते हवे झाले. दुसऱ्या दिवशी त्या माझ्या खांद्याला धरून निघाल्या, दर दहा पावलांना डॉक्टरांच्या सात पिढ्या काढत. डेअरीपर्यंत गेल्या आणि मटकन कट्ट्यावर बसल्या. डॉक्टर दवाखान्याच्या दारातून बघत होते. ते चालत खाली आले आणि म्हणाले, "अर्धी वाट, अर्धे पैसे." आत्याबाईंनी घेतले आणि म्हणाल्या, "ऱ्हायलेलं उद्याच्यात धर. बुडवू नगंस." त्यानंतर त्या रोज निघायच्या. आधी डेअरी, मग देऊळ, मग दवाखाना. तिथं डॉक्टर चार सोपे व्यायाम करून घेत, आणि त्या करत, कारण पैसे त्यानंतर मिळत. हळूहळू खांदा सुटला, काठी आली. म्हातारीला रोज पैसे कसले मिळतात, हे बघायला दोन-तीन बायका येऊन बाकावर बसायला लागल्या, आणि बसल्यावर त्यांचेही गुडघे निघाले.

मी मोठा धीर करून डॉक्टरांना विचारलं, "हे पेपरात लिहिलंय का?"

"चालवा असं लिहिलंय. कसं चालवायचं ते आपलं आपण बघायचं. आणि लगेच खूश होऊ नका, ताई. लावणी संपलीय. तशीही कंबर राहिली असती, कोण जाणे."

आकडा ते आत्याबाईंना स्वतः विचारत नसत, माझ्याकडून विचारत. मी वाटेत विचारलं, की त्या म्हणत, "त्याला सात सांग. कमी सांगितलं तर बरी झाली म्हनून पैशे बंद करंल."

"आणि खरा?"

"खरा चार. सकाळच्याला पाच." थोडं चालून गेल्यावर म्हणाल्या, "आज तीन आसंल. पर सांगू नगंस."

मी सांगितला. डॉक्टर हसले नाहीत. "तीन," म्हणाले, आणि खिडकीतून त्या रस्ता कशा उतरतात ते बघत राहिले.

एका दिवशी पैसे संपले. आत्याबाई त्या दिवशी धुतलेलं लुगडं नेसून, एकट्या पुढं निघाल्या होत्या. व्यायाम झाले. डॉक्टरांनी शेवटची नोट त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती दोन्ही बाजूंनी बघितली, घडी केली आणि कनवटीला लावली.

"फिटलं का समदं?"

"फिटलं, आजी."

गिरणी चालू होती, तिचा आवाज तेवढा येत होता. आत्याबाई बाकावरून उठल्या नाहीत. हातावरच्या गोंदणावर बोट फिरवत बसल्या.

"तुजं कायतरी चुकलं आसंल," त्या म्हणाल्या. "परत मोज बरं."

एरवी एका प्रश्नावर दहा प्रश्न विचारणारे आमचे डॉक्टर, पण त्यांनी काही विचारलं नाही. स्टूल ओढून आत्याबाईंच्या समोर बसले आणि डेअरीपर्यंत आल्या त्या पहिल्या दिवसापासून एकेक दिवस बोटांवर धरत सगळे परत मोजले, शक्य तितके सावकाश. मधे दोनदा अडखळले, तेव्हा आत्याबाईंनी आठवण करून दिली. मी पिशव्या गरम करायला ठेवल्या होत्या, त्या तशाच राहू दिल्या.

हिशेब बरोबरच होता. आत्याबाईंचे पैसे पूर्ण फिटले होते.